अपाची ट्रेलवर दोघांचा एक दिवस: वाळवंट, दोन जुने बार आणि एक मोटारसायकल

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या पूर्वेला, अपाची ट्रेल नावाचा जुना डोंगरी रस्ता आहे. त्यावर अपाची जंक्शन हे गाव मागे टाकलं की सतरा मैलांवर टोर्टिया फ्लॅट नावाची वस्ती लागते. लोकसंख्या सहा. एक खानावळ-बार, एक दुकान आणि समोर मोटारसायकलींची रांग. फिनिक्स परिसरात राहणाऱ्या किंवा मुलांकडे, भावाकडे आलेल्या मराठी जोडप्यांना मी ही सफर नेहमी सुचवते, कारण एका दिवसात इतकं वाळवंट इतक्या जवळून क्वचितच बघायला मिळतं. गाडीतून तेच सवारो, म्हणजे इथले उंच निवडुंग, काचेपलीकडे उभे असतात. मोटारसायकलवर मात्र ऊन, गारवा, क्रिओसोटच्या झुडपांचा वास, सगळं अंगावर येतं.

आम्ही फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो. पहिली काही वर्षं मी डबलसीट बसून हा रस्ता पाहिला, नंतर मोटारसायकलचं लायसन्स काढलं आणि आता आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो. दोन्ही सीटवर बसल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे: दिवस मागे बसणाऱ्याच्या अंगावर बेतायचा असतो. चालवणाऱ्याला वळण आधी दिसतं, ब्रेक त्याच्या हातात असतो, थांबायचं कधी हे तो ठरवतो. मागच्याला यातलं काहीच नसतं. तो दमला, तापला, घाबरला तर पुढच्याचीही सफर संपते. खाली जे सांगते आहे ते सगळं या हिशोबाने वाचा.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम, एप्रिलचा पहिला पंधरवडा फार तर. मार्चमध्ये, हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर, सूपरस्टिशन पर्वताच्या पायथ्याशी पिवळी-केशरी पॉपीची फुलं येतात. ती बघायला सगळं शहर लोटतं, म्हणून मार्चमध्ये शनिवार-रविवार टाळून आठवड्यातला दिवस निवडा.

मे महिन्यापासून पुढे दोघांनी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर होता. इतक्या हवेत वेगाने जाताना वारा थंड करत नाही, भाजतो. आम्ही एका मे महिन्याच्या सुरुवातीला, ‘सकाळी लवकर निघू, दुपारच्या आत परत येऊ’ म्हणून गेलो होतो. परतताना मी मागे होते. आधी डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ, मग मला पुढचं नीट ऐकूच येईना. नवऱ्याला वाटलं मी गप्प आहे म्हणजे मजेत आहे. नशिबाने एका पेट्रोल पंपावर थांबलो आणि मी उतरताना पाय दुमडले. तासभर एसीत बसून, मानेवर बर्फ ठेवून ठीक झाले. कोरड्या हवेत घाम आल्याचं जाणवतच नाही, कारण तो आल्याबरोबर उडून जातो. नागपूर-अकोल्याच्या उन्हात वाढलेल्यांनाही हे फसवतं.

जून ते सप्टेंबरमध्ये आणखी एक कारण आहे. इथेही मान्सून असतो, त्याला इथले लोक मान्सूनच म्हणतात, आणि १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. आपल्यासारखी झड नसते. दुपारी ढग चढतात, वीस मिनिटं धो धो कोसळतं आणि कोरडे ओढे भिंतीसारखं पाणी घेऊन येतात. त्याआधी हबूब, म्हणजे शेकडो फूट उंच धुळीची लाट येऊ शकते. दोन चाकांवर तिच्यात सापडायचं नाही. क्षितिजावर तपकिरी पट्टा दिसला की पुढच्या पहिल्या एक्झिटने उतरायचं आणि पंपावर किंवा दुकानात शिरायचं.

पिणार कोण, हे घरीच ठरवा

या रस्त्यावरचे बार बघण्यासारखे आहेत, त्यांत बसण्यासारखं आहे. पण ज्याच्या हातात हँडल, त्याने दिवसभर एक घोटही घ्यायचा नाही. हे बारमध्ये बसून ठरवायचं नसतं. समोर थंडगार ग्लास आणि उन्हातून आलेलं शरीर असताना कोणालाही ‘एकाने काय होतं’ असंच वाटतं.

ॲरिझोनाचा कायदा याबाबतीत अमेरिकेतल्या कडक कायद्यांपैकी आहे. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे खरी, पण तुमच्यावर दारूचा किंचितही परिणाम झाल्याचं पोलिसांनी दाखवलं तर त्याखालीही गुन्हा ठरू शकतो. पहिल्याच शिक्षेत किमान दहा दिवसांचा तुरुंगवास आहे, त्यातले नऊ न्यायाधीश माफ करू शकतात, आणि पुढे गाडीला श्वास तपासणारं यंत्र बसवावं लागतं. एच-वन किंवा इतर व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावं: नुसत्या अटकेवरूनही अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. एका बिअरपायी संसार उचलून परत जायची वेळ येऊ शकते.

मागे बसणाऱ्यानेही एकावर थांबावं. मला वाटायचं मागच्याने काय, बसूनच तर राहायचं. तसं नाही. वळणावर मागचं शरीर पुढच्याबरोबर झुकावं लागतं. सैल, उशिरा झुकणारं किंवा पेंगणारं माणूस मागे असलं की मोटारसायकल वळणात ओढली जाते. पुढे बसल्यावर ते मला हातांत कळतं.

आमची पद्धत अशी की आज कोण चालवणार हे आदल्या रात्री ठरतं आणि मधे बदलत नाही. तो प्याला नाही म्हणून परतताना तो, असले हिशोब करायचे नाहीत. न पिणाऱ्यासाठी या बारांमध्ये एक छान गोष्ट मिळते, सार्सपरिला. बाटलीतलं गडद, गोडसर, मुळांच्या वासाचं पेय. आपल्याकडच्या उपळसरीच्या, म्हणजे अनंतमुळाच्या सरबताची आठवण करून देतं. वनस्पती वेगळी आहे, पण चवीचं नातं जवळचं.

गाडी दोघांसाठी तयार करणं

स्वतःची नसेल तर फिनिक्स, मेसा, स्कॉट्सडेल भागात भाड्याने मिळते. मोठ्या क्रूझर मोटारसायकलला दिवसाला शंभर-दोनशे डॉलर धरा, विमा वेगळा. मोटारसायकलसाठीचं लायसन्स लागतं, नुसतं कारचं चालत नाही. भारतातून आलेल्यांनी मोटारसायकलची नोंद असलेलं मूळ लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही बरोबर ठेवावेत आणि दुकानाला आधी फोन करून विचारावं. भाड्याची निवडताना इंजिन किती मोठं यापेक्षा मागची सीट बघा. मागच्याला पाठीला टेका हवा. टेका नसेल तर वेग घेताना तो सतत पोटाचे स्नायू ताणून बसतो आणि तीन तासांत कंबर धरते.

निघायच्या सकाळी, इंजिन थंड असतानाच टायरमधली हवा बघा. दोघांच्या वजनासाठी हवेचा वेगळा आकडा बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात दिलेला असतो, तो वापरा. मागच्या शॉकचं स्प्रिंगही दोघांसाठी घट्ट करायचं. न केल्यास मागची बाजू बसते, पुढचा दिवा वर आकाशाकडे बघतो आणि वळणात फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, रस्त्याला घासतात. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत.

मग मागच्याशी खुणा ठरवा. इंटरकॉम असेल तर उत्तमच, पण त्याची बॅटरी संपते. आमच्या खुणा: डाव्या खांद्यावर दोन थापा म्हणजे हळू, तीन म्हणजे जमेल तिथे थांब, मांडीवर एक थाप म्हणजे सगळं ठीक. त्या मे महिन्यानंतर आम्ही एक नियम केला. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे बसलेला हात मागे नेऊन गुडघ्याला स्पर्श करतो आणि मागच्याने ‘ठीक’ची थाप द्यायचीच. थाप आली नाही तर थांबायचं.

नवख्या डबलसीटला तीन गोष्टी सांगून ठेवा. सिग्नलला थांबल्यावर पाय खाली टेकायचे नाहीत, फूटपेगवरच राहू द्यायचे. चढायच्या-उतरायच्या आधी पुढच्याला विचारायचं. आणि वळणात, ज्या बाजूला वळतोय त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं. तेवढ्याने शरीर आपोआप बरोबर झुकतं. मुद्दाम जास्त झुकायची गरज नाही.

कपडे, पाणी, डबा

ॲरिझोनात अठरा वर्षांवरच्यांना हेल्मेटची सक्ती नाही. रस्त्यात उघड्या डोक्याने, बनियनवर जाणारे पुष्कळ दिसतील. तुम्ही तसं करू नका. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट आणि पूर्ण बाह्यांचं जाकीट, दोघांनाही. डोळ्यांना संरक्षण मात्र कायद्यानेच लागतं, विंडशील्ड नसेल तर. अंग झाकलं की गरम होतं हा समज वाळवंटात उलटा आहे. उघड्या त्वचेवरून पाणी अधिक भराभर उडतं.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाच-सात अंश असू शकतात आणि दुपारी वीस. हायवेवर ताशी पासष्ट मैलांच्या वेगाने ते पाच अंश हाडांत जातात. म्हणून एकावर एक थर घाला: आत सुती नव्हे तर घाम शोषून लवकर वाळणारा, वर पातळ स्वेटर, वर जाकीट. गोल्डफिल्डला, म्हणजे पहिल्या थांब्याला, पोचल्यावर एक थर काढून डिक्कीत जाईल एवढी जागा मोकळी ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर, हिवाळ्यातही. पाठीवरच्या नळीच्या पिशवीतलं पाणी मागच्याला चालत्या गाडीवर पिता येतं. मी एका बाटलीत कोकमाचं आगळ, साखर आणि मीठ घालून नेते. इथल्या कुठल्याही रंगीत पेयापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चिक्की. शाकाहारी लोकांना बारमधल्या जेवणात फारसं काही नसतं, त्यामुळे डबा हवाच. शिवाय एक जाड दातांचा कंगवा ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. आणि साईड स्टँडखाली ठेवायला एक चपटी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चकती. तापलेल्या डांबरात किंवा वाळूत स्टँड रुततो आणि जेवून येईपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

निघणं: मेसा ते गोल्डफिल्ड

हिवाळ्यात साडेआठ-नऊच्या आत निघू नका. यूएस ६० हा हायवे सरळ पूर्वेला जातो आणि सकाळी सूर्य नेमका डोळ्यांत असतो. नऊनंतर तो जरा वर चढतो. एक्झिट १९६, आयडाहो रोड, तिथून उत्तरेला वळा, हाच पुढे स्टेट रूट ८८ म्हणजे अपाची ट्रेल होतो. अपाची जंक्शनमध्येच टाकी भरा. पुढे टोर्टिया फ्लॅटला पेट्रोल नाही, आणि कॅन्यन लेकच्या पुढे फोनची रेंजही जाते. नकाशा आधी डाउनलोड करा, घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा.

चार-पाच मैलांवर डाव्या हाताला टेकाडावर गोल्डफिल्ड. १८९२ मध्ये इथे सोनं सापडलं, गाव झपाट्याने वाढलं आणि दशक संपायच्या आत धातूची शीर हरवून ओसही पडलं. आज दिसतं ते बरंचसं नव्याने उभारलेलं आहे. शनिवार-रविवारी इथे बंदुकबाजीचे खेळ होतात, छोटी रेल्वे फिरते. मला या गावातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे मॅमथ सलूनच्या मागचा ओटा. इथे सकाळी, गर्दी व्हायच्या आधी, कॉफी किंवा सार्सपरिला घेऊन बसायचं. समोर सूपरस्टिशन पर्वताची सलग भिंत. सह्याद्रीच्या कड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ती लगेच ओळखीची वाटते, आणि त्याला कारण आहे: हाही ज्वालामुखीचाच खडक. फरक इतकाच की आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, तर इथे बराचसा खडक त्यानंतर पुष्कळ काळाने झालेल्या स्फोटांच्या राखेचा, जी तापून घट्ट झाली. म्हणून आपले कडे काळे आणि पायऱ्यापायऱ्यांचे, हे फिकट पिवळे-तांबूस आणि सुळक्यांचे.

या पर्वतातच जेकब वॉल्ट्झची हरवलेली सोन्याची खाण असल्याचं सांगतात. तो मूळचा जर्मन. ‘डॉइच’चं लोकांनी ‘डच’ केलं आणि खाण ‘लॉस्ट डचमन’ झाली. १८९१ मध्ये तो फिनिक्सला वारला. खाण आजवर कोणाला सापडलेली नाही, तिच्या शोधात जीव मात्र अनेकांनी गमावले. रस्त्याच्या उजव्या हाताला त्याच नावाचं राज्य उद्यान आहे. प्रवेशशुल्क भरून आत जा आणि सपाट पायवाटेवर अर्धा तास चाला. मागच्या सीटवरच्या गुडघ्यांना तो अर्धा तास मोलाचा असतो.

इथेच झाडांची ओळख करून घ्या. उंच, हात वर केलेला तो सवारो. त्याला पहिला हात फुटायलाच साधारण पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, आणि तो दीडशे-दोनशे वर्षं जगतो. पाच-सहा हातांचा सवारो दिसला तर तो या रस्त्यापेक्षाही म्हातारा असण्याची शक्यता आहे. त्याला इजा करणं गुन्हा आहे. हिरव्या खोडाचं काटेरी झाड म्हणजे पालो व्हर्डे, जमिनीतून निघालेल्या छड्यांसारखा ओकोटियो. आणि लांबून मऊ, लोकरीसारखं दिसणारं झुडूप म्हणजे चोया. त्याच्या जवळ जाऊ नका. त्याचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून येतात आणि काट्यांना उलटे दात असतात. बोटांनी काढायला गेलं की दुसरा हातही अडकतो. कंगवा तुकड्याच्या आणि कातडीच्या मधे सरकवून झटक्यात उडवायचा. बूट असले तरी मागच्याच्या पोटरीला तो हमखास चिकटतो.

वळणांचा रस्ता

उद्यानाच्या पुढे नीडल व्हिस्टाला थांबा, तिथून वीव्हर्स नीडल हा सुळका दिसतो. आणि इथेच दोघांनी बोलून घ्या, कारण खरा रस्ता इथून सुरू होतो.

हा रस्ता १९०३ नंतर बांधला गेला तो प्रवाशांसाठी नव्हे, तर सॉल्ट नदीवरच्या रूझवेल्ट धरणाचं सामान मेसाहून घोडागाड्यांनी न्यायला. त्यावर राबलेल्यांत अपाची या इथल्या मूलनिवासी जमातीचे मजूर मोठ्या संख्येने होते. धरणाचं उद्घाटन माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १८ मार्च १९११ रोजी केलं. घोडागाडीसाठी आखलेला रस्ता असल्यामुळे तो डोंगर कापत नाही, डोंगराच्या कलाने जातो. वळण आंधळं असतं, कडेला जागा नसते, आणि समोरून बोट ओढणारा ट्रक आपली लेन सोडून येऊ शकतो. वळणावर पिवळ्या पाटीवर १५ किंवा २० लिहिलं असेल तर दोघांसह तोच वेग ठेवा. वळणाच्या आधी ब्रेक, आत शिरल्यावर हलका, स्थिर ॲक्सिलरेटर. मधेच ब्रेक दाबला तर मागच्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं, आणि त्याचा विश्वास तिथेच जातो.

तीन ठिकाणी विशेष जपा. पाऊस पडून गेला असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला खडी वाहून आलेली असते. भेगा बुजवायला ओढलेल्या डांबराच्या काळ्या रेषा दुपारच्या उन्हात मऊ आणि निसरड्या होतात, त्या तिरप्या ओलांडू नका. आणि कॅन्यन लेकजवळचे जुने पूल एकाच गाडीपुरते आहेत, समोरचा आधी शिरला असेल तर थांबा. मागून कोणी घाई करत असेल तर पुढच्या मोकळ्या जागेत बाजूला होऊन त्याला जाऊ द्या. रविवारी सकाळी वेगवान मोटारसायकलींचे जथे येतात, त्यांच्याशी तुमचा काही संबंध नाही.

मग एका वळणानंतर खाली एकदम निळं पाणी दिसतं. कॅन्यन लेक. १९२५ मध्ये पूर्ण झालेल्या मॉर्मन फ्लॅट धरणामागचं हे पाणी. पहिल्यांदा मी मागे बसून ते पाहिलं तेव्हा नकळत ओरडले होते आणि नवऱ्याने घाबरून ब्रेक दाबला होता. कठड्याजवळच्या जागेत थांबा, पण खडीवर उतार बघून गाडी लावा: तोंड चढाकडे, पहिल्या गिअरमध्ये. समोरच्या कड्यावर कधीकधी मोठ्या शिंगांची रानमेंढरं दिसतात. दुर्बीण असेल तर इथेच काढा.

टोर्टिया फ्लॅट

वस्तीच्या अगदी आधी टोर्टिया ओढा रस्त्यावरूनच जातो. एरवी कोरडा. पाणी वाहत असेल तर, कितीही उथळ दिसलं तरी, मोटारसायकल घालू नका. डांबरावर शेवाळ असतं आणि पुढचं चाक क्षणात सरकतं. ॲरिझोनात बंद केलेल्या, पाणी वाहत असलेल्या रस्त्यात अडथळे ओलांडून शिरून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करण्याचा कायदाच आहे. निघण्याआधी राज्याच्या ५११ या रस्ता-माहिती सेवेवर ८८ क्रमांकाची स्थिती बघून घ्या.

१९०४ पासून ही घोडागाड्यांच्या थांब्याची जागा. १९८७ मध्ये आगीत बरंच काही जळलं, ते पुन्हा उभारलं. सूपरस्टिशन सलूनमध्ये बारसमोरच्या स्टुलांना सीटऐवजी घोड्याची खोगिरं आहेत. भिंती आणि छत एक-एक डॉलरच्या नोटांनी मढवलेलं आहे, आणि प्रत्येक नोटेवर कोणाचं तरी नाव. पूर्वी खाणकामगार पुढच्या फेरीच्या दारूची सोय म्हणून नाव लिहून नोट टांगून ठेवत, असं सांगतात. आमचीही एक आहे. त्यावर आम्ही दोघांची नावं देवनागरीत लिहिली. दर वेळी शोधतो, आता ती इतरांच्या खाली गेली आहे. तुम्ही जाल तेव्हा एक कोरी नोट आणि काळा मार्कर बरोबर ठेवा.

इथे अकराच्या सुमारास पोचावं. साडेबारानंतर टेबलासाठी थांबावं लागतं. बारला बसायचं असेल तर वयाचा पुरावा लागतो, केस पिकले असले तरी मागू शकतात, म्हणून भारतातून आलेल्या आई-वडिलांनीही पासपोर्ट ठेवावा. बार टेंडरला आल्याबरोबर सांगा की आज मी चालवतोय. त्यात कोणालाही वावगं वाटत नाही. प्रत्येक पेयामागे एक-दोन डॉलर टिप, जेवलात तर बिलाच्या अठरा-वीस टक्के. तिखट चिली प्रसिद्ध आहे, पण ती मांसाची असते. शेजारच्या दुकानात निवडुंगाच्या लाल बोंडांचं जिलाटो मिळतं. आपल्याकडे फड्या निवडुंगाची बोंडं रानात खाल्लेल्यांना चव ओळखता येईल.

मागच्याने एक बिअर घ्यायची असेल तर ती इथे, जेवणाबरोबर, आणि मग किमान तासभर इथेच रेंगाळायचं. लाकडी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं. कोण कुठून आलं, कोणती गाडी, किती वर्षं झाली. निवृत्त जोडपी भरपूर भेटतात, त्यातल्या बायकांना मी नेहमी एकच विचारते, मागे बसून पाठ कशी सांभाळता. टेका, दर तासाला उतरणं, आणि नाही म्हणता येणं, हे मला त्यांनीच शिकवलं.

पुढे जाऊ नका. काही मैलांनी डांबर संपतं आणि फिश क्रीकचा उभा उतार लागतो. २०१९ च्या वुडबरी वणव्याने डोंगर उघडे पडले, त्याच वर्षीच्या पावसाने रस्ता वाहून नेला आणि तो भाग काही वर्षं बंद होता. उंच, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांचा तो रस्ता आहे. डबलसीट क्रूझरचा नाही.

परतीची वाट वेगळी

त्याच वळणांतून अपाची जंक्शनकडे या, पण हायवे धरू नका. मॅकेलिप्स रोडने पश्चिमेला आणि एल्सवर्थ रोडवर उजवीकडे. तोच पुढे युझरी पास रोड होतो. डोंगराच्या अंगावर पांढऱ्या दगडांत ‘फिनिक्स’ ही अक्षरं आणि बाण दिसेल. वैमानिकांना दिशा कळावी म्हणून १९५० च्या दशकात स्काउटच्या मुलांनी ते रचलं. खिंड ओलांडली की सवारोंचं दाट रान आणि लांब, सैल वळणं. सकाळच्या घट्ट वळणांनंतर मागच्याला इथे खरा आराम मिळतो. मी मागे असले की या टप्प्यावर मी काही बोलत नाही, फक्त बघते.

बुश हायवेला उजवीकडे वळलं की सॉल्ट नदीचा काठ. इथे मोकळे घोडे फिरतात, २०१६ च्या राज्य कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ते रस्त्यावरही येतात, म्हणून वेग कमी. इंजिन बंद करून लांबूनच बघा, खायला काही देऊ नका. नदीकाठी किंवा सवारो लेकला उतरायचं तर टॉन्टो डे पास, म्हणजे टॉन्टो राष्ट्रीय वनाचा एका दिवसाचा पास, लागतो, तो सकाळीच विकत घेऊन ठेवा.

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, आणि ॲरिझोनात घड्याळं उन्हाळ्यातही पुढे-मागे होत नाहीत. राज्य रस्ता ८७ वरून मेसाकडे येताना मावळता सूर्य थेट समोर असतो. हिवाळ्यात चारपर्यंत ८७ ला लागा. हा रस्ता सॉल्ट रिव्हर पिमा-मॅरिकोपा या मूलनिवासी लोकांच्या जमिनीतून जातो. तिथे मधेच उतरून फोटोसाठी आत शिरू नका. एकूण फेरी सव्वाशे ते दीडशे मैलांची होते, थांब्यांसह सात-आठ तास.

घरी आल्यावर

शहरात आल्यावर एक शेवटचा थांबा घेता येतो. मेसा आणि चँडलरमध्ये बिअर गाळणाऱ्या छोट्या ब्रुअरी आहेत. तिथे बसायचं नाही, सीलबंद कॅन विकत घेऊन डिक्कीत टाकायचा. सील फोडलेली बाटली गाडीवर असणं इथे गुन्हा आहे, सीलबंद चालते.

गाडी साखळीची असेल तर ती गरम असतानाच तेल द्या, धूळ आत बसण्याआधी. टायरच्या खाचांमध्ये काटे आणि खडे बघा. मागच्याच्या बुटांचे तळवे आणि पोटऱ्यांवरचे चोयाचे काटे उजेडात काढा, नाहीतर ते अंथरुणात सापडतात. दोघांनी अर्धा-अर्धा लिटर पाणी प्यायचं. मग ज्याने दिवसभर चालवलं, त्याच्या हातात तो थंड कॅन द्यायचा.